सोळा चौकटींच्या वसुधाताई

वसुधाताईंचा फोन बरोबर पावणेदोनला यायचा. म्हणजे मी दुकानाचं शटर अर्धं ओढून, डबा उघडून, पहिला घास हातात घेतला की. ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. "या वेळी तू मोकळा असतोस," असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. जेवणारा माणूस मोकळा असतो ही त्यांची ठाम समजूत. मग पुढची वीस मिनिटं माझा भात थंड होत जायचा आणि ताई मला विचारत राहायच्या की 'सरपण' हा शब्द आजकालच्या लोकांना कळेल, का 'जळण' करू.

हा प्रश्न एखाद्या धड्यासाठी असता तर मी समजून घेतलं असतं. तो होता एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमसाठी. मुलींच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या वसुधाताई मोघे जुने जपानी गेम जमवत होत्या आणि त्यातल्या एकाचं मराठी करत होत्या. नऊ वर्षं. त्यातली शेवटची पाच माझ्या उरावर.

माझं नई सडकवर लग्नपत्रिकांचं दुकान आहे. ग्वाल्हेरात मराठी टायपिंग करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यामुळे आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या मुंजी, लग्नं आणि तेराव्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. ताई आमच्याच गल्लीतल्या. माझ्या थोरल्या बहिणीला त्यांनी शाळेत शिकवलेलं. एके दिवशी त्या रिक्षातून उतरल्या, अकरा वह्या माझ्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "दिलीप, हे जरा टाइप करून दे."

त्या 'जरा'वर मी अजूनही चिडून आहे.

वह्या गणिताच्या होत्या, चौकटींच्या. एका ओळीत सोळा चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीत एक अक्षर. जोडाक्षरालाही एकच चौकट, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही एक. तीन ओळी झाल्या की खाली लाल रेघ. मी विचारलं हे काय, तर त्यांनी मला समजावलं, म्हणजे शाळेत समजावतात तसं. गेममधली माणसं बोलतात तेव्हा पडद्याच्या खालच्या बाजूला एक पेटी उघडते. तिच्यात तीन ओळी मावतात, एका ओळीत सोळा अक्षरं. सतरावं अक्षर लिहिलं तर ते पेटीबाहेर जातं, दिसतच नाही. जपानी लोकांचं सोळा अक्षरांत पुष्कळ सांगून होतं. आपलं होत नाही. म्हणून नऊ वर्षं.

आता हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो. ताईंचा धाकटा भाऊ माधव बोटीवर इंजिनियर होता. त्याने जपानहून आपल्या मुलासाठी एक गेमचं यंत्र आणि डझनभर कॅसेटी आणल्या. मुलाने दोन दिवस खेळून ठेवून दिल्या, कारण सगळं जपानीत होतं. खोकं ताईंच्या घरी राहिलं. दुसरं कुणी ते माळ्यावर टाकलं असतं. ताईंचा स्वभाव असा की घरात काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांना सहन होईना. औषधाच्या बाटलीतला घडी केलेला कागदसुद्धा त्या शेवटपर्यंत वाचायच्या. त्यांनी टपालाने पुस्तकं मागवली आणि जपानी शिकायला घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की जपानी अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशीच सुरू होतात आणि पुढे क, स, त, न याच क्रमाने लागतात. झालं. हे सगळं आपल्याकडूनच गेलंय असं ठरवून त्या निश्चिंतपणे पुढे निघाल्या. त्यानंतर अडलेली चिनी वळणाची दोन हजार अक्षरं त्यांनी चिडून पाठ केली.

कॅसेटींच्या बाबतीत त्यांचे नियम होते. खोकं, आतलं पुस्तक आणि कॅसेट अशा तिन्ही गोष्टी असतील तरच घ्यायची. नुसती कॅसेट म्हणजे "डोक्याशिवायचा देव". प्रत्येक कॅसेट सुती कापडात गुंडाळलेली, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव जपानीत आणि मराठीत. आणि सर्वांत मोठा नियम फुंकरीचा. आपल्याकडे कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची पद्धत आहे. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने लहानपणी ते केलंय. ताईंच्या मते याइतकं गलिच्छ काम दुसरं नव्हतं. फुंकरीबरोबर थुंकी उडते, आतल्या पितळी पट्ट्यांना गंज चढतो. त्या कान साफ करायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पट्टी पुसायच्या. एकदा माधवराव नागपूरहून आले होते, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांनी बोलता बोलता सवयीने कॅसेट तोंडाजवळ नेली. ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "माधव, तू बाहेर बस." कॅसेट त्यांनीच आणलेली होती, पण ते मुकाट्याने बाहेर जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, कारण माझ्यावरही विश्वास नव्हता.

एकदा टोपी बाजारातल्या एका भंगारवाल्याकडे जपानी खोकं आलंय असं त्यांना कळलं. मला दुकान बंद करायला लावून बरोबर नेलं. मी मात्र वेगळीच गोष्ट पाहिली. रस्त्यात ताई माझ्याशी मराठीत, तेही शाळेतल्या मराठीत बोलत होत्या. दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्यांचा आवाज, मान, हात, सगळंच बदललं. "क्यों भैया, ये डिब्बा कहाँ से उठा लाए? इसकी किताब किधर है?" भंगारवाला म्हणाला किताब-विताब काही नव्हती. "नहीं थी या फेंक दी? सच बताओ." त्याने बिचाऱ्याने तासभर रद्दी उपसली. पुस्तक निघालं नाही, म्हणून ताईंनी खोकंही घेतलं नाही. पायरी उतरताना त्या मला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण लापरवाह आहे हं." पुन्हा मराठी.

हे आमच्याकडे सगळ्यांचंच आहे. घरात तुरीची डाळ, बाजारात अरहर दाल. उंबरठ्याच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी. आम्हाला ते करताना कळतही नाही. मला त्या दिवशी ते दिसलं, हसू आलं आणि मी विसरून गेलो. विसरायला नको होतं.

टायपिंग सुरू झालं. गेम असा: एक मुलगी समुद्रकाठच्या गावागावांतून फिरते आणि विझलेले दीपस्तंभ एकेक करून पेटवते. ताईंनी नाव ठेवलं 'दिवटी'. मी टाइप करायचो, छापून द्यायचो, ताई लाल पेनाने तपासायच्या, कोपऱ्यात 'व.' अशी सही करायच्या. मग तो मजकूर मी पुण्याला साने म्हणून एक गृहस्थ होते त्यांना पाठवायचो. साने संगणक कंपनीत नोकरीला, चाळिशीचे, सभ्य. हौसेखातर जुने गेम उघडून त्यांच्या पोटात दुसरी भाषा घालायचं काम ते आणि त्यांचे चार मित्र करायचे. ताईंशी त्यांची ओळख कशी झाली मला माहीत नाही. झाली याबद्दल सुरुवातीला मी देवाचे आभार मानले होते.

एका वाक्याची गोष्ट सांगतो. पहारेकरी मुलीला म्हणतो, राजेसाहेब आराम करत आहेत. मोजून पाहा, सतरा चौकटी होतात. मी म्हटलं, "राजा झोपलाय" करा. ताई म्हणाल्या, "दिलीप, राजा झोपत नसतो." त्यांचे पणजोबा दरबारात कारकून होते, राजाने काय करावं आणि काय नाही हे त्यांच्या घरात चार पिढ्या ठरलेलं होतं. "महाराज निजले"? ते पाळण्यातल्या पोराला. "विश्रांतीत"? ते दवाखान्यात. तीन दिवस माझा भात थंड झाला. चौथ्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. दारात ताई. "राजे पहुडले आहेत. अकरा. पाच चौकटी उरतात." मी डोळे चोळत हो म्हटलं. त्या जिना उतरता उतरता वळल्या. "हा शब्द तुला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. मराठी टायपिंग करतोस ना?"

अशी पाच वर्षं.

शेवटची वही दुकानदारांची होती. गेममध्ये तेलवाला, औषधवाला, होडीवाला, धर्मशाळेवाला असे बरेच जण आहेत. प्रत्येक गावात मुलगी त्यांच्याकडे जाते. मी वही उघडली. तेलवाला म्हणत होता, "आओ बिटिया, क्या दिखाऊँ?" होडीवाला म्हणत होता, "आज नाव नहीं जाएगी, कल आना." मला वाटलं ताईंनी चुकून कच्चं टिपण दिलं. पुढची पानं पाहिली. दोनशे चाळीस ओळी, सगळ्या स्वच्छ हिंदीत, चौकटीत नीट बसवलेल्या.

मी विचारलं. ताईंना माझा प्रश्नच कळेना.

"दुकानदार आहे तो," त्या म्हणाल्या. "तो हिंदीच बोलणार ना."

"पण ताई, गेम मराठी आहे."

"गेम मराठी आहे, मुलगी मराठी आहे, तिची आई मराठी, राजा मराठी. ती बाजारात गेली तर काय तेलवाल्याशी मराठी बोलून राहील?"

आता यात मेख अशी की त्यांच्याकडे कारणही होतं. जपानात ओसाका म्हणून व्यापाऱ्यांचं शहर आहे. मूळ गेममध्ये बाकी सगळे साधी जपानी बोलतात आणि दुकानदार तेवढे ओसाकाच्या बोलीत. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आपण बाजारात आलो. ताई म्हणाल्या, मी तेच केलंय, इमानदारीत केलंय.

साने हे ऐकून हसले, मग गंभीर झाले. त्यांनी फोनवर शांतपणे समजावलं की हा गेम पुण्याचे, कोल्हापूरचे, नाशिकचे लोक खेळतील. त्यांना वाटेल अर्धा गेम भाषांतर करायचाच राहिला. बोलीच हवी असेल तर दुकानदारांना मालवणी करू, वऱ्हाडी करू.

"मी मालवणी दुकानदार आयुष्यात पाहिलेला नाही," ताई म्हणाल्या. "जे पाहिलंच नाही ते मी कसं लिहू?"

सात महिने हे चाललं. दोघांच्या मधे मी. साने मला निरोप द्यायचे, मी ताईंना सांगायचो, ताई नाही म्हणायच्या, मी ते नाही जरा गोड करून पुण्याला कळवायचो. शेवटी सान्यांनी सांगितलं की त्यांची बदली परदेशात होतेय. महिनाअखेर मजकूर पक्का झाला तर ते काम पुरं करून जातील. नाही तर सोडावं लागेल, आणि नंतर ते उचलणारं कुणी नाही.

त्याच महिन्यात ताईंच्या डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. डावा गेल्यातच जमा होता, उजव्याबद्दल डॉक्टर वर्ष-दीड वर्ष म्हणाले होते. हे त्यांनी मला सांगितलं ते टायपात चूक दाखवताना, मधल्यामधे, की आता पडद्यावरचं बारीक अक्षर फार दिवस वाचता येणार नाही, तेव्हा उशीर करू नकोस. त्यांना फार काही नको होतं. 'दिवटी' पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या शब्दांत, एकदा स्वतः खेळायचा होता. डोळे आहेत तोवर.

त्या दिवशी दुपारी ताई दुकानातच आल्या होत्या, आणि मी फारच भांडलो. म्हटलं, "ताई, दोनशे चाळीस ओळींसाठी तुम्ही सगळं पाण्यात घालताय. आणि दुकानदार हिंदीच बोलतो म्हणता, तर मी कोण आहे? मीही दुकानदारच आहे. मी तुमच्याशी मराठीच बोलतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तू कुठला दुकानदार? तू घरातला आहेस."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला एवढंच दिसलं की आज पुन्हा माझा डबा उघडाच राहिलाय आणि ही बाई ऐकणार नाही.

पुढे जे केलं ते मी केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर पूर्ण ओढलं आणि दोनशे चाळीस ओळींचं मराठी केलं. "या, काय दाखवू?" "आज होडी नाही, उद्या या." एकही ओळ सोळाच्या पुढे जाऊ दिली नाही, पाच वर्षांत तेवढं शिकलो होतो. संध्याकाळी सान्यांना पाठवून दिलं. आणि ताईंना जाऊन सांगितलं की साने मानले.

त्या फार खूश झाल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं, समजदार माणूस आहे." त्यांनी मला गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. मी त्या खाल्ल्या. तेव्हा माझं मन मला खात होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, गेम हातात आल्यावर त्या चार दिवस चिडतील, मला वाटेल ते बोलतील, आणि मग खेळत बसतील. काम झालं हे महत्त्वाचं.

सान्यांनी जाण्यापूर्वी तो गेम कॅसेटीत भरून कुरियरने पाठवला. खोकं होतं, आत पुस्तकही छापलं होतं; ताईंचे नियम त्यांना माहीत होते. ताईंनी मला रविवारी सकाळी बोलावलं. जायला नको होतं, पण नाही कसं म्हणणार? त्या इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, कॅसेट नवीच होती तरी. चष्मा पुसला. पडद्याच्या अगदी जवळ स्टूल ओढलं.

आई मुलीला हाक मारते तिथून सुरुवात होते. ताई प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होत्या आणि वाचून झाली की मान हलवत होत्या. गावच्या म्हाताऱ्याशी बोलणं झालं. एका ठिकाणी त्या स्वतःच्याच वाक्यावर हसल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग मुलगी तेलवाल्याच्या दुकानात शिरली.

"या, काय दाखवू?" ताईंनी वाचलं.

त्यांनी मुलीला दुकानाबाहेर काढलं, पुन्हा आत नेलं. पेटी उघडली. तेच. तिसऱ्यांदा बाहेर, पुन्हा आत. मग त्या शेजारच्या औषधवाल्याकडे गेल्या, तिथून धक्क्यावर होडीवाल्याकडे. आता त्या मोठ्याने वाचत नव्हत्या.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चौकटीत बसल्या?"

"बसल्या, ताई."

त्यांनी मान हलवली. यंत्र बंद केलं, कॅसेट काढली, कापडात गुंडाळली, खोक्यात ठेवली. मी बोलायला लागलो. सान्यांची बदली, महिनाअखेर, डोळे, माझ्याकडे सगळी तयारी होती. त्या यंत्राच्या वायरी गुंडाळत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा अकराही वाजले नव्हते.

पावणेदोनचा फोन बंद झाला. मी गरम भात खायला लागलो. माधवरावांचा नागपूरहून एकदा फोन आला, त्यांनी सांगितलं की वसुधा तो गेम लावत नाही. खोकं कपाटात आहे. डोळा उतरतोय, आणि ती लावत नाही. मी मनातून चडफडलो. सुमारे नव्वद टक्के गेम त्यांच्याच शब्दांत आहे, तेलवाल्याकडे दोन मिनिटांचं काम असतं, तेवढं डोळे मिटून पुढे जाता येत नाही का? येत नसेल. हे मला पाच वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

त्या नागपूरला भावाकडे कायमच्या गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. सकाळची गर्दीची वेळ. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं होती. ताई त्यांच्या मागे उभ्या होत्या. एरवी त्या फळी उचलून सरळ आत येऊन माझ्या टेबलाशी बसायच्या. मी हाक मारली, "ताई, आत या ना." त्या जागच्या हलल्या नाहीत. नंबर आल्यावर पुढे झाल्या आणि दुकानदारांची ती वही काउंटरवर ठेवली. प्रत्येक ओळ नव्याने काढली होती, मोठ्या अक्षरात, एकेका अक्षराला चार-चार चौकटी. "आओ बिटिया, क्या दिखाऊँ" एवढंच अर्ध्या पानावर.

"भैया," त्या म्हणाल्या, "इसकी एक-एक कॉपी निकाल दीजिए."

मला वाटलं माझ्या मागच्या कुणाशी बोलताहेत. मागे कुणी नव्हतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. जन्मभर त्यांनी मला अरे-तुरे केलं होतं.

"ताई, कुणाला पाठवायच्या आहेत? मी पाठवतो," मी म्हटलं. "मी पत्ता शोधतो, दुसरं कुणीतरी मिळेल. ताई, माझं चुकलं."

त्या थांबून राहिल्या. मी काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, अशा. पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून, रांगेतलं कुठलंही गिऱ्हाईक थांबतं तशा. त्यांच्या मागे एक माणूस पत्रिकेचा नमुना घेऊन येऊन उभा राहिला.

मी वही उचलली.

"जी," मी म्हटलं, "अभी देता हूँ."